पुष्टीची खोली

पाठीची बटणं लागेनात!

मायेनने झग्याच्या दोन्ही कडा पुन्हा एकदा जवळ ओढल्या, इदाराने श्वास रोखून पोट आत घेतलं, तरीही त्या रेशमी कडा एकमेकींना भेटायला तयार होईनात... आणि स्वतःच मापून, स्वतःच शिवलेला तो झगा पंधरवड्यातच आपल्या धाकट्या बहिणीला होईनासा झाला हे कळताच मायेनच्या काळजात आनंदाची एक लाट उसळली, आणि तिच्या पाठोपाठ भीतीची दुसरी. पहिलीच तेवढी चेहऱ्यावर दिसावी म्हणून ती हसली.

"उसव गं बाई, उसव!" कोपऱ्यात पाय पसरून बसलेल्या इन्यांगमावशींनी टाळ्याच पिटल्या. "इतक्या पोरी ह्या हातांनी भरवल्या, पण असं अंग कुण्णी धरलं नव्हतं! चेहरा बघ, नुसता पुनवेचा चंद्र! मायेन, तुझ्या हाताला गुण आहे हो."

"मावशी, पाणी..." इदारा म्हणाली.

"दे, दे तिला. प्यायला लागली म्हणजे अंगी लागतंय."

मायेनने तांब्या भरून दिला. इदाराने तो घटाघटा रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला. तिचे ओठ कोरडे पडले होते. झगा उतरवताना मायेनची नजर नको तिथे गेली... पोटावर, काखेखाली जांभळ्या रेघा उमटल्या होत्या, कुणी नखांनी ओरखडल्यासारख्या. शिंपिणीची नजर ती, तिला फसवायचं कसं? चेहरा भरला, पाठ भरली, पोट भरलं, पण दंड आणि मांड्या मात्र होत्या तशाच, उलट थोड्या उतरल्याच होत्या. असं कुठे अंग भरतं? मायेनने झगा घडी घालून बाजूला ठेवला आणि नजर फिरवली.

आमच्या कॅलाबार गावात मुलगी उजवायची म्हणजे आधी ती भरवायची. लग्न ठरलं की तिला पुष्टीच्या खोलीत बसवतात. तिथे तिनं कसलंही काम करायचं नाही, उंबरा ओलांडायचा नाही, खायचं, झोपायचं, तेलानं मालिश करून घ्यायचं आणि मोठ्या बायका संसाराचे जे चार शब्द सांगतील ते ऐकायचं. हल्ली नोकरीवाल्या पोरी आठवड्याभरात उरकतात, काही तर नुसता फोटोपुरता खडू लावून घेतात. पण नदीकाठच्या जुन्या घरांतून अजून रीत पाळली जाते, आणि खोलीतून बाहेर पडायच्या दिवशी अंगावर पांढऱ्या खडूची नक्षी, गळ्यात पोवळी, केसांत पितळी फण्या घालून मुलगी जेव्हा सगळ्यांसमोर नाचते, तेव्हा लोक तिच्या अंगाकडे बघून तिच्या घराची किंमत ठरवतात. भरलेली मुलगी म्हणजे भरलेलं घर. आणि बारीक मुलगी म्हणजे?...

ते मायेनला कुणी सांगायला नको होतं!

वीसेक वर्षांपूर्वी ह्याच खोलीत, ह्याच बाजेवर मायेन बसली होती. काय नाही खाल्लं तिने! अळकुड्या किसून, पानांत गुंडाळून, पामतेलात शिजवलेलं एक्पांग, भाजलेली राजेळी केळी, माशाचं दाट कालवण, मक्याच्या पेजेचे वाडगेच्या वाडगे. ओकारी आली की तोंड धुऊन पुन्हा खायला बसायची. पण तिच्या त्या हट्टी हाडांनी काही म्हणून दाद दिली नाही. बाहेर पडायच्या दिवशी नवऱ्यामुलाच्या आत्याने भर अंगणात तिचा दंड चिमटीत धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "ही खोलीत जेवत होती की उपास करत होती गं?" अंगण खदखदून हसलं. त्या लोकांनी ताडीचा पेला ओठाला लावला नाही, आले तसे उठून गेले, आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला की मुलाचा विचार बदलला आहे.

त्या संध्याकाळी आई तिच्यासमोर उभी राहिली. आई तेव्हा दिवसांत होती, इदारा पोटात होती. "एवढं घातलं मी तुला," आई रडत म्हणाली, "कुठे घातलंस गं ते सगळं? कुठे?" इदाराला जन्म देऊन वर्षाच्या आत आई गेली. डॉक्टरांनी तापाचं नाव सांगितलं, पण मायेनच्या मनाने ठरवून टाकलं होतं की आई आपल्या लाजेने गेली. मग बाप गेला, आणि तान्ह्या बहिणीला पाठीशी बांधून मायेन शिवणयंत्रावर बसली ती बसलीच.

तेव्हापासून गावाने मायेनचे दंड पाहिले नाहीत. जिथे बिनबाह्यांच्या कपड्यांतही घाम खळत नाही, तिथे ती मनगटापर्यंत बाह्या घालायची, आणि झग्याच्या आत कापूस भरून स्वतः शिवलेल्या कापडी गाद्या कमरेला, मांड्यांना घट्ट बांधायची, त्यावर एकावर एक तीन वस्त्रं. दुसऱ्या बायकांची भरघोस मापं घेता घेता तिने स्वतःलाही एक माप शिवून टाकलं होतं. मध्यंतरी एका विधुर मास्तरांनी तिला मागणी घातली होती, चांगला माणूस होता, "इदाराला कोण बघेल?" असं म्हणून तिने नकार दिला आणि सगळ्यांनी तिच्या त्यागाची वाखाणणी केली. खरं कारण तिचं तिलाच ठाऊक होतं... लग्न झालं असतं तर त्याच्यासमोर त्या गाद्या सोडाव्या लागल्या असत्या!

आणि आता इदारा. तिचीही तीच हाडं, तोच लांबसडक काटकुळा बांधा. बंदरात बोटीवर काम करणाऱ्या एफिओकने तिला मागणी घातली, त्याची आई इक्वो म्हणाली, "मुलगी गोड आहे, पण आमच्याकडे रीतसर खोलीत बसून येतात," आणि मायेनने त्याच आठवड्यात इदाराला खोलीत बसवलं. पहिला महिना सरला, इदारा होती तशीच. इन्यांगमावशी मान हलवत म्हणाल्या, "हिचीही हाडं तुमच्याच घरची गं." त्या एका वाक्याने मायेनच्या डोळ्यांपुढे सगळं अंगण पुन्हा उभं राहिलं, तो चिमटा, ते हसू... नाही! जे आपल्या वाट्याला आलं ते हिच्या वाट्याला येऊ द्यायचं नाही, काहीही झालं तरी नाही!

बाजारात औषधांच्या टपरीवाल्या बाईने काही न विचारता पांढऱ्या गोळ्यांची पुडी काढून दिली. "अंग भरायच्या. सगळ्या नेतात. सकाळी एक, संध्याकाळी एक. भूक बघा कशी लागते ती." मायेनने गोळ्या कुटून मक्याच्या पेजेत मिसळल्या, वर साखर घातली, आणि बहीण वाडगा चाटूनपुसून रिकामा करत असताना ती दाराशी उभी राहून बघत राहिली. कुणी चोरी करताना पकडावं तशी तिच्या कानांना आग लागली होती. पण महिन्याभरात इदाराचे गाल वर आले, आणि गल्लीतल्या बायका मायेनला थांबवून विचारू लागल्या की काय घालतेस गं बहिणीला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं, तेही दुसरीच्या अंगावरचं.

त्या दिवशी झगा उसवायला बसली तेव्हा मात्र सुई तिच्या बोटात दोनदा गेली. त्या जांभळ्या रेघा डोळ्यांपुढून हलेनात. थांबवाव्यात का गोळ्या? पण परवा इक्वो बघायला येणार. तेवढं होऊ दे... तेवढं एकदा होऊ दे, मग थांबवू. तिने संध्याकाळची पेज नेहमीसारखीच कालवली.

इक्वो आली ती चार बायकांना घेऊन. दारातून आत येताना तिला थोडं तिरपं व्हावं लागलं, आणि आमच्याकडे तो अभिमानाचा भाग असतो. ती इदारासमोर उभी राहिली, तिची हनुवटी उचलून बघितली आणि मग मायेनकडे वळून तिने चक्क तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"मायेन, मी स्पष्ट बोलणारी बाई आहे," ती म्हणाली. "तुझी गोष्ट मला माहीत होती. मला वाटलं, हिला स्वतःचं जमलं नाही, ही बहिणीचं काय करणार? मी चुकले. आईनं केलं नसतं इतकं केलंस तू."

मायेनला वाटलं, ह्या शब्दांसाठीच आपण इतकी वर्षं जगलो! आणि त्याच क्षणी वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं! ती काहीतरी पुटपुटली. बायका समजल्या की ती लाजली, आणि कौतुकाने हसल्या.

"नाचून दाखव की गं थोडं!" त्यांतली एक म्हणाली. "सासूबाईंना बघू दे."

इदारा बाजेवरून उठायला गेली. एकदा प्रयत्न केला, जमलं नाही. मांड्यांवर हात टेकून दुसऱ्यांदा उठली. बायकांना त्यातही गंमत वाटली. "बघा बघा, स्वतःचं अंग स्वतःला उचलत नाही!" तिने नदीच्या लाटांसारखे हात हलवत दोन पावलं टाकली, तिसरं टाकताना ती थांबली, मायेनकडे बघून म्हणाली, "ताई, मला सगळं पांढरं दिसतंय गं..." आणि भर खोलीत, पाण्याच्या तांब्यावर, कोसळली.

इस्पितळातली डॉक्टरीण तरुण होती, पण आवाज खमका होता. इदाराच्या हाताला सलाईन लावून ती बाहेर आली तेव्हा ओसरीत सगळी उभी होती, इक्वो, तिच्या बायका, बंदरावरून धावत आलेला एफिओक, इन्यांगमावशी, आणि भिंतीला टेकलेली मायेन.

"साखर भयंकर वाढली आहे," डॉक्टरीण म्हणाली. "आणखी थोडा वेळ घरी ठेवली असती तर वाचली नसती. मला एक सांगा, ती कुठल्या गोळ्या घेत होती?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"चेहरा असा गोल झालाय, पोटावर रेघा, हातापायांतली ताकद गेलेली. ही जेवणाची सूज नाही. ह्या गोळ्या मी रोज बघते. किती घेत होती आणि किती दिवस, हे मला कळलं नाही तर मी अंदाजानं औषध देणार, आणि एकदम तोडल्या तर शरीर बसकण मारतं. जीवाशी खेळ आहे हा. कोणाला माहीत आहे?"

"छे हो, कसल्या गोळ्या!" इन्यांगमावशी घाईघाईने म्हणाल्या. "चांगलं घरचं अन्न खाल्लंय पोरीनं." आणि मायेनच्या दंडाला धरून कानात कुजबुजल्या, "काही असलं तरी आत्ता बोलू नकोस. ही बाई इथं उभी आहे, लग्न मोडेल. मग एकटीला गाठून सांग डॉक्टरणीला."

मायेनने इक्वोकडे पाहिलं. अजून तासही झाला नव्हता, ह्याच बाईने आपले हात हातात घेतले होते... आपण बोललो की ते शब्द गेले, आपलं नाव गेलं, उद्या अख्खी गल्ली म्हणेल की स्वतः वाळकी राहिली आणि बहिणीला विष घातलं. डॉक्टरीण आत जायला वळली. दारातून इदाराचा एक पाय दिसत होता, घोट्याशी सुजलेला. लहानपणी त्याच पायाला काटा रुतला म्हणून तिने किती भोकाड पसरलं होतं, आणि मायेनने तो दातांनी काढला होता.

"मी घातल्या!"

आपला आवाज इतका मोठा निघेल असं तिला वाटलं नव्हतं. ओसरीतले परके लोकसुद्धा वळून बघू लागले.

"मी घातल्या, डॉक्टर. पेजेत कुटून. तिला माहीत नाही, तिचा काही दोष नाही हो! सकाळी एक, संध्याकाळी एक, गेले दोन महिने. माझ्यासारखी होऊ नये म्हणून... मला वाटलं, लोक हसले तर ती जगायची नाही. मी जगले ते मेल्याहून मेल्यासारखी, तिचं तसं होऊ नये म्हणून मी..."

"विष घातलंस तू पोरीला!" इक्वो किंचाळली. "सख्ख्या बहिणीला! आणि मी मूर्ख, तुझे हात धरून..."

"आई!" एफिओक म्हणाला.

"काय आई? खोटं बोलतेय का मी?"

"नाही. पण खोलीत बसवा असं आपणच म्हणालो होतो. मी तिला बंदरावर पाहिली तेव्हा ती काठीसारखी होती, आणि मला ती तशीच आवडली होती. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडायला मला लाज वाटली." तो एवढा उंच गडी, पण मान खाली घालून बोलत होता.

डॉक्टरीण मात्र कपाळाला आठ्या घालून मायेनकडेच बघत होती. "दिवसाला दोनच? नक्की?"

"आईची शपथ."

"मग हिशेब लागत नाही. दोन गोळ्यांवर इतक्या लवकर इतकं होत नाही."

तेवढ्यात आतून परिचारिकेने हाक मारली की पेशंटने डोळे उघडलेत, आणि ताईला बोलावते आहे.

इदारा उशीवर पडली होती. तो पुनवेचा चंद्र घामाने निथळत होता. मायेन बाजेपाशी गुडघ्यांवर बसली आणि तिने बहिणीच्या पायांवर डोकं ठेवलं.

"मला मारून टाक, इदा. मी तुला गोळ्या घातल्या. तुझ्या पेजेत, रोज..."

इदाराने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तरीच," ती म्हणाली, "पेज कडू लागायची. मला वाटलं माझंच तोंड कडू झालंय... माझ्या गोळ्यांनी."

"तुझ्या?"

"पोवळ्यांच्या डबीत आहेत, तळाला. खोलीत बसायच्या आदल्या दिवशी आणल्या मी. त्याच टपरीवरून आणल्या असतील तू पण." तिने डॉक्टरणीकडे बघितलं. "पहिला महिना तशाच पडू दिल्या, मग मावशी हाडांवरून बोलल्या तेव्हापासून मी रोज तीन घ्यायचे. झगा शिवायला घेतला तेव्हापासून चार."

"का पण?" मायेन ओरडलीच. "तुला काय कमी होतं गं? तुझा एफिओक..."

"एफिओकसाठी नाही, ताई. तुझ्यासाठी." इदाराच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं. "मी बारीक बाहेर पडले असते तर मला लोक दिवसभर हसले असते आणि विसरले असते. पण तुला? तुला म्हणाले असते, बघा, हिनं हिलाही आपल्यासारखंच केलं. तू पुन्हा मेली असतीस... लहानपणी मला वाटायचं, मोठ्या झालेल्या सगळ्याच बायका घरी आल्यावर कंबर सोडून खुंटीला अडकवतात. नंतर कळलं, फक्त तूच. कुणी आलं की तू धावत जाऊन ती बांधायचीस. मला ते बघवायचं नाही गं, ताई. मला वाटलं, माझं अंग भरलं की तुझी ती कंबर सुटेल."

दोन बहिणी एकाच छपराखाली, एकमेकींपासून लपवून, एकमेकींसाठीच तेच विष आणत होत्या! तिने इदाराचा हात आपल्या तोंडावर दाबून धरला आणि ती ओक्साबोक्शी रडली.

दाराशी कुणीतरी खाकरलं. इक्वो उभी होती, तिरपी होऊन, अर्धी आत अर्धी बाहेर. तिने सगळं ऐकलं होतं. मघाचा तो ताठा कुठल्या कुठे गेला होता.

"डॉक्टर," ती हलक्या आवाजात म्हणाली, "त्या गोळ्या... बारक्या, पांढऱ्या, मधे रेघ असलेल्या?"

"हो. का?"

"मी घेते. लग्न झाल्यावर अंग उतरायला लागलं तेव्हापासून, अधूनमधून. नवऱ्याच्या घरी उतरलेली बाई म्हणजे... तुम्हाला माहीतच आहे." ती मायेनच्या नजरेला नजर देईना. "माझीपण साखर बघता का जरा? बाहेर एफिओक आहे, त्याला नका सांगू."

डॉक्टरणीने स्टूल पुढे सरकवलं. एवढी मोठी इक्वो त्यावर शाळकरी पोरीसारखी हात मांडीवर ठेवून बसली, आणि मायेनने डोळे पुसून तिच्यासाठी जागा केली. जाताना इक्वो थबकली आणि एवढंच म्हणाली, "विष म्हणाले मी. ते मागं घेते."

गोळ्या एकदम तोडता येत नव्हत्या. डॉक्टरणीने त्या थोड्या थोड्या करत उतरवल्या, आणि गोळ्यांबरोबर इदाराही उतरत गेली. गोल चेहऱ्यातून तिचा जुना, लांबट चेहरा हळूहळू वर आला. साखर मात्र पुरती गेली नाही, ती आता जन्माची सांभाळायची होती, आणि जांभळ्या रेघा फिक्या पडल्या तरी पुसल्या नाहीत. मायेन रोज तिला मालिश करताना त्या रेघांवरून बोट फिरवायची आणि तिची मान खाली जायची. इदारा उलट तिचाच हात थोपटायची. तेच मायेनला जास्त टोचायचं.

मग दिवस ठरला. इक्वोनेच निरोप पाठवला होता, पुष्टी-बिष्टी राहू दे, पण मुलीला खडू लावून, नाचवून, रीतीनं बाहेर काढा, अंगणात मी पुढे बसणार आहे, बघू कोण काय बोलतं ते.

तो रेशमी झगा मायेनने पुन्हा उसवला आणि इदाराच्या मूळच्या मापाला बसवला. सकाळी खोलीत इन्यांगमावशींनी पितळी फण्या खोवल्या, तोंडाने नेहमीची बडबड चालूच होती, "हाडं तुमच्याच घरची, पण नाक-डोळे कसे कोरून काढलेत बघा," आणि मायेन वाटीत पांढरा खडू कालवून बहिणीच्या अंगावर नक्षी काढू लागली. दंडांवर वेली झाल्या, खांद्यावर चांदण्या झाल्या. पोटाशी आली तेव्हा तिचा हात आपोआप त्या रेघांवर गेला आणि ती जाड बोटाने त्यांवर पांढरा थर देऊ लागली.

"नको," इदाराने तिचं मनगट धरलं. "त्या राहू देत."

"लोक बघतील गं... माझं पाप आहे ते."

"निम्मं माझं आहे," इदारा म्हणाली. "आणि पाप कशाला म्हणतेस? इतका जीव दुसऱ्या कुणी लावलाय मला?" तिने वाटी मायेनच्या हातून काढून घेतली. "आता तू बस."

"मी? वेडी का काय तू! ह्या वयात? लोक हसतील."

"बस म्हणते ना. तुला कुणी धड बाहेर काढलंच नाही, ताई. त्या दिवशी अंगणातून पळत आत आलीस, ती अजून आतच आहेस."

मायेनने मदतीसाठी इन्यांगमावशींकडे बघितलं. मावशींनी दुसरीकडे तोंड फिरवलं होतं आणि पदरानं नाक पुसत होत्या. बाहेर ढोल वाजायला लागले. इदाराने तिच्या लांब बाह्यांच्या मनगटाशी असलेली बटणं सोडली, बाह्या वर सरकवल्या, आणि इतक्या वर्षांत उन्हाने न पाहिलेल्या त्या बारक्या दंडावर तिने पांढरी वेल काढली. वेलीला फार जागा नव्हती. तिने ती खालपर्यंत, पार बोटांपर्यंत नेली.

मायेन उठली. मग तिने पाठीमागे हात नेले, कमरेची गाठ सोडली, आणि एकेक करून ती वस्त्रं, त्या कापूस भरलेल्या गाद्या पायांशी पडत गेल्या. आईचा प्रश्न तिला आठवला, कुठे घातलंस ते सगळं? तिने समोर बघितलं. फण्या खोवलेली, पोवळी घातलेली, काठीसारखी सरळ इदारा हात पुढे करून दारात उभी होती. इथे घातलं, आई, मायेन मनात म्हणाली. हिच्यात घातलं.

तिने एकच वस्त्र अंगाभोवती घट्ट गुंडाळलं, खोचलं आणि बहिणीचा हात धरला. अंगणात उतरल्यावर एक दोन बायका फिसकन हसल्या, तिने ते ऐकलं, तिचे कानही तापले. पण पुढच्या रांगेत इक्वो दोन्ही हात वर करून उभी राहिली होती आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडत होती. आणि वारा... नदीवरून येणारा तो वारा तिच्या उघड्या दंडांना लागत होता. तो इतका गार असतो हे मायेन विसरूनच गेली होती.